भिंतीतला वड, ताटलीतला वड

जुन्या वाड्याची भिंत, पुलाचा कठडा, चाळीच्या पाइपाचा सांधा, यांतल्या कुठे ना कुठे वड, पिंपळ नाहीतर उंबर उगवलेला दिसतोच. तांबट, कोकीळ, बुलबुल आणि वटवाघळं या झाडांची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेलं बारीकसं बी चुन्याच्या भेगेत रुजतं. तिथे माती चिमूटभर, पाणी फक्त पावसाळ्यात, आणि चैत्र-वैशाखात हात लावू नये इतका दगड तापलेला. अशा जागी ते झाड वर्षानुवर्षं वीत-दीड वीत उंचीचं राहतं. पानं लहान, फांद्या आखूड, बुंधा मात्र चांगला जाड, आणि मुळं भिंतीवर पसरलेली. बोन्साय करणारा माणूस ज्यासाठी दहा वर्षं खपतो, त्यातलं बरंचसं काम इथे कुणीही न करता झालेलं असतं.

म्हणून महाराष्ट्रात बोन्साय शिकायचं असेल तर सुरुवात वडाच्या गोतावळ्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी आणि नर्सरीत ज्याला नुसतंच 'फायकस' म्हणतात तो नांदरुक, ही सगळी भावंडं. जंगलात ती पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात जन्म घेतात आणि मुळं जमिनीला टेकेपर्यंत साचलेल्या पालापाचोळ्यावर दिवस काढतात. थोडक्या जागेत कसं जगायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. जपानी पाइन किंवा मेपल यांचं तसं नाही. त्यांना हिवाळ्यात खरीखुरी थंडी आणि विश्रांती लागते. मुंबईच्या दमट हवेत किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात ती वर्ष-दोन वर्षं तग धरतात, मग खंगत जातात आणि मालक स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

ही कला मूळची चीनची. तांग घराण्यातला राजपुत्र झांगह्वाई याच्या इ.स. ७०६ मधल्या कबरीतल्या भित्तिचित्रांत छोटी झाडं लावलेल्या ताटल्या हातात घेऊन उभी असलेली नोकर माणसं दिसतात. जपानने ती घेतली आणि आपल्या शिस्तीत बसवली. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले काही बोन्साय-माळी उत्तरेला ओमिया इथे मोकळी जागा आणि चांगलं पाणी पाहून गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे वसाहत केली. ते बोन्साय-गाव आजही नांदतं आहे. आपल्या हाती पडणारी बहुतेक पुस्तकं याच परंपरेतली. त्यांतली छाटणीची तारीख तिथल्या वसंताची असते आणि माती तिथल्या ज्वालामुखीची. कारणं तिथून समजून घ्यावीत. तारखा मात्र आपल्या पंचांगाच्या आणि पावसाच्या ठेवाव्यात.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला करू. झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात, हा छळ आहे, असं अनेकांना वाटतं. उपाशी ठेवलेलं झाड खुजं होत नाही, ते मरतं. बोन्सायचा आकार राहतो तो वरून शेंडे आणि खालून मुळं वेळोवेळी कापल्यामुळे. त्याच्या बीजात काहीच बदललेलं नसतं. तेच झाड जमिनीत लावलं तर ते रीतसर वटवृक्ष होतं. आयुष्याचं म्हणाल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढवला जातोय. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या बागेत होता, बाँब पडला तिथून तीनेक किलोमीटरवर. बागेच्या भिंतीआड असल्याने तो वाचला आणि १९७६ मध्ये भेट म्हणून अमेरिकेला गेला. (बोन्साय घरात ठेवलं की घराची भरभराट खुंटते, या वास्तुवाल्यांच्या म्हणण्याला मी काही उत्तर देणार नाही. तसंही ते घरात ठेवायचं नसतंच. का, ते पुढे येईल.)

आता रोप कुठून आणायचं? भिंतीतलं झाड काढायला पावसाळा सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे उत्तम. मालकाला किंवा सोसायटीला विचारून घ्यावं. बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात, कारण ते झाड वाढलं की भिंत फुटते आणि कुणीतरी ते उपटून टाकणारच असतं. जंगलातलं झाड मात्र काढू नये. तो कायद्याचाही भाग आहे आणि लाजेचाही. भिंतीतलं झाड ओढून निघत नाही, बुंध्याशी तुटतं. छिन्नी-हातोडीने शेजारचा चुना मोकळा करत जावं आणि मूळ शक्य तितकं लांब ठेवून कापावं. कधीकधी हाती येतो तो नुसता गड्डा आणि दोन-चार केसांसारखी मुळं. वडाच्या जातीला तेवढंही पुरतं. पानं सगळी काढून टाकावीत, खोड हवं तेवढं ठेवून वरचं छाटावं, जाड वाळूत लावावं आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधून सावलीत ठेवावं. तीन-चार आठवड्यांत हिरवे डोळे फुटतात. इथेच घाई होते. ही पालवी खोडातल्या साठ्यावर आलेली असते; खाली मुळं सुटलीत असा तिचा अर्थ नाही. दिवाळीपर्यंत त्या झाडाला हलवू नये.

भिंत नसेल तर वटपौर्णिमा आहे. शहरांत त्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसतात. ज्येष्ठातली पौर्णिमा म्हणजे पावसाचं तोंड, आणि वडाची जाड फांदी रुजायला याहून चांगला काळ नाही. अंगठ्याहून जाड, सरळसोट नसलेला, वीतभराचा तुकडा निवडावा. खालचं टोक ताजं कापून चीक थांबेपर्यंत पाण्याने धुवावं, पानं काढावीत आणि जाड वाळूत रोवावं. सगळेच तुकडे जगतील असं नाही, पण चार लावले तर एखादा हाताला लागतो. पूजेसाठी फांदी तोडणं मला पटत नाही, पण तोडलेली फांदी फेकून देणं त्याहून पटत नाही.

नर्सरीतून विकत आणायचं असेल तर तयार 'बोन्साय' घेऊ नये. फुगीर मुळांचा आणि वर कलम केलेल्या चकचकीत पानांचा जो फायकस सगळीकडे मिळतो, तो कारखान्यातल्या मालासारखा हजारोंनी वाढवलेला असतो. त्याच्या मातीवर बरेचदा रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतात आणि पाणी आत जातच नाही. तो घरात आलाच असेल तर पहिलं काम म्हणजे ते खडे उचकटणं. त्यापेक्षा काळ्या पिशवीतलं साधं रोप स्वस्तही पडतं आणि त्यातून शिकायलाही मिळतं. खरेदी करताना पानांकडे पाहू नये. वरची माती बोटाने उकरून बुंध्याच्या तळाशी मुळं चहूबाजूंनी पसरलीत का ते पाहावं. पानं नवी येतात, फांद्या नव्या आणता येतात, पण एका बाजूनेच मुळं असलेला बुंधा सुधारायला वर्षं जातात.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. रोप आणलं की लगेच उथळ ट्रेमध्ये लावायची घाई होते. तसं केलं की खोड पेन्सिलएवढं राहतं, कायमचं. खोड जाड होतं ते वर भरपूर पानं असली आणि खाली भरपूर जागा असली की. पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरतं आणि त्या वाटेवरचं लाकूड वाढत जातं. म्हणून पहिली तीन ते पाच वर्षं झाड जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं सोडावं. त्या वेळी ते बोन्साय दिसत नाही, झुडूप दिसतं. तसंच दिसू द्यावं. लावताना मुळांच्या खाली एक फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे मुळं सरळ खाली न जाता आडवी पसरतात आणि पुढे बुंध्याच्या पायथ्याशी सुंदर दिसतात.

खोड हवं तेवढं जाड झालं की ते धीर करून कापायचं, साधारण तळापासून एक तृतीयांश उंचीवर. कापलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात. त्यांतला एक पुढचं खोड म्हणून निवडायचा, तो वाढू द्यायचा, पुन्हा कापायचा. प्रत्येक वेळी वरचा भाग खालच्यापेक्षा बारीक होतो आणि प्रत्येक वेळी दिशा थोडी बदलते. दीड-दोन फुटांच्या झाडात शंभर वर्षांच्या वडाचा भास होतो तो या निमुळतेपणामुळे. बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची असा एक ढोबळ अंदाज धरतात. आपल्याकडच्या वडाला मी तर चारपटही चालेल म्हणेन, कारण खरा वड उंच नसतोच, तो आडवा असतो. भिंतीतल्या झाडाचा फायदा हाच. त्याने ही पाच वर्षं आधीच भरलेली असतात.

आता माती, आणि इथे थोडं थांबावं लागेल, कारण बोन्साय मरतात ती बहुतेक मातीमुळे आणि दोष मात्र पाण्यावर जातो. आंघोळीचा ओला स्पंज आडवा धरा. थोडं पाणी गळून थेंब थांबतात. तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच आहे, फक्त त्याची उंची बदलली. कुंडीतही हेच होतं. भोक कितीही मोठं असलं तरी तळाशी मातीचा एक थर पाणी धरून ठेवतो आणि त्या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. कण बारीक असतील तर हा चिंब थर तीन-चार सेंटिमीटरही असू शकतो. फूटभर खोल कुंडीत त्याने फरक पडत नाही. पण पाच सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये जवळपास सगळी मुळं पाण्यात उभी राहतात, त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणजे उथळ कुंडी लवकर सुकते हे खरं असलं तरी बारीक माती घातली तर तीच कुंडी जास्त दलदलीची होते.

यावरचा उपाय म्हणजे भरड माती. जपानी लोक आकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. ती इथे आणून कुंडीत ओतण्यात मला काही अर्थ दिसत नाही. वीटभट्टीवरच्या फुटक्या विटा मिळतात. त्या कुटून चाळायच्या आणि ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे तुकडे ठेवायचे, खालची पूड फेकून द्यायची. भाजलेली वीट सच्छिद्र असते, आत पाणी धरते आणि दोन तुकड्यांमध्ये हवा सोडते. कोकणात जांभ्याचे खडे याच कामाला येतात. यात जाड वाळू आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळायचं. निम्म्याहून जास्त वीट, पाव हिस्सा वाळू, उरलेलं खत, असं माझं माप. ते गावागणिक बदलावं. रत्नागिरीच्या पावसात वीट वाढवावी, सोलापूरच्या उन्हात थोडं कोकोपीट घालावं. देशावरची काळी माती मात्र चिमूटभरही नको. पिकाला ती सोनं असली तरी कुंडीत ओली झाली की फुगून हवा बंद करते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते.

पुनर्लागवड, म्हणजे कुंडीतून काढून मुळं छाटणं, याची सर्वांत जास्त भीती वाटते. कुंडीत मुळं वाढत वाढत कडेने गोल फिरायला लागतात. पाणी शोषणारी असतात ती टोकाची बारीक मुळं. जाड मुळं फक्त वाहतूक करतात. जाड मुळं कापली की त्यांच्या तोंडाशी बारीक मुळांचा झुपका फुटतो, म्हणजे तेवढ्याच जागेत काम करणारी मुळं वाढतात. तरुण झाडाला दर दोन वर्षांनी आणि म्हाताऱ्या झाडाला तीन-चार वर्षांनी हे करावं. वेळ दोनदा येते. थंडी सरून नवी पालवी डोकावते तेव्हा, फाल्गुनाच्या आसपास, किंवा पाऊस नीट लागल्यावर. मेमध्ये अजिबात नाही. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा काढावा आणि वरची पानंही तेवढ्या प्रमाणात कमी करावीत. ट्रेच्या भोकांवर जाळी ठेवावी, भोकातून तार घेऊन झाड घट्ट बांधावं (वाऱ्याने ते हललं तर नवी मुळं तुटतात) आणि बांबूच्या काडीने टोचत टोचत माती मुळांच्या फटींत बसवावी. पुढचे दोन-तीन आठवडे सावलीत, आणि महिनाभर खत नाही.

वरच्या बाजूचं काम समजून घ्यायला एकच गोष्ट पुरते. झाडाच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ऑक्सिन. ते खाली उतरताना वाटेतल्या बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. म्हणून झाड वर धावतं. शेंडा खुडला की ही बंदी उठते आणि खालचे डोळे एकदम जागे होतात. बोन्सायमधली सगळी कात्री या एका जागेवर चालते. फुटव्याला सहा-सात पानं येऊ द्यायची, मग दोन-तीन ठेवून बाकी कापायचं. राहिलेल्या पानांच्या बगलेतून दोन फांद्या निघतात, त्यांच्या चार. असं पाच-सहा वेळा झालं की टोकाशी काड्यांचं दाट जाळं तयार होतं. कापताना शेवटचं पान ज्या दिशेला आहे त्याच दिशेला नवी फांदी जाणार, हे लक्षात ठेवलं की तारेशिवायही झाड वळवता येतं. वडाला पांढरा चीक येतो. ओल्या फडक्याने टिपावा, कपड्यांना लागला तर डाग जात नाही. मोठ्या जखमेवर हळदीचा लेप लावणारे लोक आहेत, बुरशीनाशकाची पूड लावणारेही आहेत. नांदरुकाची जखम बहुधा आपोआप भरून येते. पिंपळ तेवढा दणकट नाही. त्याची पेरं लांब, पानं लहान व्हायला नाखूश, आणि कापलेली फांदी कधीकधी खालपर्यंत वाळत जाते. पिंपळ दिसायला मोहक असला तरी पहिलं झाड म्हणून मी सुचवणार नाही.

तारेचं काम कात्रीच्या नंतरचं. वडाच्या जातीला मऊ अ‍ॅल्युमिनिअमची तार पुरते, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड. एक टोक खोडाला विळखा घालून पक्कं करायचं, मग फांदीवर तिरके, साधारण ४५ अंशांचे वेढे देत टोकाकडे जायचं. जिथे वाक द्यायचा तिथे तार वाकाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवी, नाहीतर फांदी तिथेच चिरते. दोन्ही अंगठे आत टेकवून हळूहळू वाकवावं आणि करकर ऐकू आली की थांबावं. बाकावर बसून एका संध्याकाळी सगळं झाड पूर्ण करायचा मोह होतो, तो आवरावा. पावसाळ्यात नांदरुक इतका झपाट्याने फुगतो की महिन्या-दीड महिन्यात तार सालीत रुतते आणि पडलेला वळ वर्षानुवर्षं दिसतो. दर आठवड्याला पाहावं. काढताना तार उलटी उलगडू नये, पक्कडीने तुकडे करून काढावी. फांदी परत उठली तर पुन्हा बांधावी.

आकार कोणता द्यायचा? जपानी पुस्तकांत सरळ, वळणदार, झुकलेलं, कड्यावरून खाली लोंबणारं, वाऱ्याने एका बाजूला ओढलेलं, असे ठरलेले घाट आहेत. वडाला त्रिकोणी पाइनचा आकार दिलेला मी जेव्हा पाहतो तेव्हा मला ते झाड परक्या वेशात उभं केल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड पाहून यावं, किंवा गावाच्या पारावरचा. कलकत्त्याच्या पलीकडे हावड्याच्या वनस्पती उद्यानात जो प्रचंड वड आहे, त्याचं मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड पारंब्यांवर उभं राहिलं आणि पसरतच गेलं. वडाला एकच एक खोड असलं पाहिजे हा आग्रह झाडाचा नाही, पुस्तकाचा आहे.

कुंडीतल्या वडाला पारंब्या येण्यासाठी दमट हवा लागते. कोकणपट्टीत त्या पावसाळ्यात आपोआप सुटतात. पुणे-नाशिककडे श्रावण संपला की टोकं वाळून जातात. एखादी पारंबी बोटभर लोंबली की सरबताची प्लॅस्टिकची नळी उभी चिरायची, आत ओलं मॉस भरायचं आणि पारंबीभोवती अशी बसवायची की खालचं टोक मातीत जाईल. नळीच्या आत ओल टिकते आणि पारंबी सरळ जमिनीला पोहोचते. एकदा ती मातीत रुजली की नळी काढावी. मग ती भराभर जाड होते, कारण आता तीही वाहतुकीची वाट झालेली असते. जमिनीला न पोहोचलेली पारंबी मात्र दोरीसारखी राहते. वडाचा आणखी एक गुण कामाला येतो. वडाच्या जातीची दोन खोडं किंवा मुळं घट्ट बांधून ठेवली तर ती एकजीव होतात. चार बारीक रोपं एकत्र बांधून एक जाड बुंधा करणारे लोक आहेत. ही पळवाट असली तरी झाडाने मान्य केलेली आहे.

पानं लहान करण्याबद्दल फार विचारतात. झाड पुरेसं जुनं झालं, टोकाशी शेकडो काड्या झाल्या की प्रत्येक पानाच्या वाट्याला कमी येतं आणि पानं आपोआप लहान होतात. शिवाय सगळी पानं एकदम कापून टाकायची, देठ मात्र ठेवायचं, असंही करतात. नवी येणारी पानं लहान असतात. पण हे निरोगी, चांगलं खत खाल्लेल्या झाडालाच झेपतं आणि ज्या वर्षी मुळं छाटली त्या वर्षी करायचं नसतं. चैत्रात करावं. आषाढात केलं तर ढगाळ हवेत झाड उजेड शोधतं आणि पानं उलट मोठी निघतात. एक गंमत अशी की पान लहान होतं तसं फळ होत नाही. वीतभर उंबराला लागलेलं उंबर नेहमीच्याच आकाराचं असतं. डाळिंब आणि चिकूचंही तसंच, आणि म्हणून त्यांची दोन-तीनच फळं ठेवून बाकीची खुडावी लागतात.

पाण्याला वेळापत्रक नसतं. बोट पेराएवढं मातीत घालून पाहावं. वर कोरडं आणि आत किंचित ओल असेल तेव्हा पाणी द्यावं, आणि देताना खालच्या भोकांतून वाहेपर्यंत द्यावं. चमचाभर पाणी रोज दिलं तर वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं तहानलेली राहतात. विदर्भाच्या मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा, शिवाय निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी. मुंबईच्या जुलैत कदाचित आठवडाभर एकदाही नाही. तेव्हा ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून तो तिरका करावा, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. (पुन्हा स्पंज आठवा.) बोअरच्या जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, पावसाचं पाणी साठवून अधूनमधून तेच दिलं तर क्षार धुऊन जातात.

ऊन हवंच, रोज निदान चार-पाच तास. टीव्हीशेजारच्या स्टुलावर ठेवलेलं झाड पानं गाळतं, पेरं लांबवतं आणि शेवटी जातं. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस बैठकीत आणावं आणि परत गच्चीवर न्यावं. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी, नाहीतर झाड एका अंगाला वाढतं. खत म्हणून निंबोळी पेंड किंवा शेंगदाण्याची पेंड महिन्यातून एकदा चिमूट-दोन चिमूट, किंवा शेतकरी वापरतात ते १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्याने. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत झाड मंदावतं, तेव्हा बंद. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली की कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी आणि लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे थेंब घालून, संध्याकाळी फवारावं. नांदरुकाची पानं पुरीसारखी दुमडून आत काळे बारीक किडे दिसले तर ते फुलकिडे. ती पानं खुडून पिशवीत बंद करून टाकावीत, फवारणी आतपर्यंत जात नाही.

गावाला जायचं असेल तर चार दिवसांपर्यंत फारशी काळजी नको. घमेल्यात वाळू भरून ती चिंब करावी, ट्रे त्यावर दाबून ठेवावा म्हणजे भोकं वाळूला टेकतात, आणि घमेलं सावलीत सरकवावं. जास्त दिवस जायचं असेल तर शेजारच्या काकूंना सांगून जावं. पण 'रोज पाणी घाला' असं सांगू नये. त्यांच्यासमोर एकदा बोट मातीत घालून दाखवावं, एकदा भोकातून वाहेपर्यंत पाणी घालून दाखवावं, आणि झारी तिथेच ठेवून निघावं.